उलटी फिरणारी दीर्घिका

फोन आला तेव्हा बाई सरांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. सरांना बटणं लावता येत नसत असं नाही. पण वरचं बटण खालच्या काजात जायचं, मग शर्ट एका बाजूला लोंबायचा आणि सर शिंप्याच्या नावानं खडे फोडायचे. रोज सकाळी घरात त्या शिंप्याचा उद्धार व्हायचा. बाई हसायच्या. हसलं नाही तर दुसरं काय करायचं, हे त्यांना अजून सुचलं नव्हतं.

फोनवर चिमणी होती. चणीनं एवढीशी आणि तोंडानं अखंड चालू, म्हणून बाई-सरांच्या खगोलशास्त्र संस्थेत तिला हे नाव पडलेलं. बाईंच्या हाताखाली शिकली आणि आता परमुलखातल्या एका अवाढव्य दुर्बिणीवर मोठ्या हुद्द्यावर होती. एरवी तिचा फोन आला की समोरच्याला 'हं' म्हणायचीही उसंत मिळत नसे. आज ती चाचरत होती.

"बाई, बसलायत का?"

"उभी आहे. बोल ना."

"नाही, बसा आधी." मग एकदम सुटल्यासारखी ती बोलत गेली. "आम्ही सध्या उत्तरेकडच्या बऱ्याच दीर्घिका मोजतोय. एका झटक्यात अख्खी दीर्घिका मोजता येते आमच्याकडे. त्यात आपली मसूरही आली. मी पुन्हा पुन्हा तपासलं, बाई. दुसऱ्यांकडूनही तपासून घेतलं. ती उलटी फिरत नाही. आतली, बाहेरची, सगळी एकाच दिशेनं फिरतेय. साधी, सरळ."

बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मागून सर म्हणाले, "कोण आहे गं? शिंपी का? दे इकडे, बघतो त्याला."

बाईंना आणि सरांना जगात जे काही नाव मिळालं होतं, ते या मसुरीमुळं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अफाट गाव. आपला सूर्यही अशाच एका गावचा रहिवासी. काही दीर्घिकांना चक्रासारखे वळलेले हात असतात, काही नुसत्याच गोल गरगरीत. ही त्या दोन्हींच्या मधली. उत्तरेच्या आकाशात, सप्तर्षींच्या पायाशी, मध्ये फुगीर आणि कडेला पातळ, बाजूनं पाहिलं तर थेट भिंग. भिंगाकार दीर्घिकाच म्हणतात अशांना. तिच्यातला नवे तारे घडवायचा वायू केव्हाच संपलेला. आहेत त्या ताऱ्यांनी म्हातारं होत फिरत राहायचं, एवढंच तिथं शिल्लक. यादीत तिला एक लांबलचक क्रमांक होता, पण तो कुणाच्या जिभेवर बसेना. तिचा फोटो पाहून सर म्हणाले होते, "अगं, हा तर मसुराचा दाणा!" तेव्हापासून ती मसूर.

दीर्घिकेचा प्रकाश एका बारीक फटीतून यंत्रात घेतला, की तिची कुठली बाजू आपल्याकडं येते आणि कुठली दूर जाते ते कळतं. मसुरीचे मधले तारे एका दिशेनं फिरत होते आणि कडेचे बरोबर उलट्या. याचा अर्थ असा, की कोणे एके काळी तिनं दुसरी एक दीर्घिका गिळली होती आणि त्या गिळलेलीचे तारे अजून आपली जुनी चाल सोडायला तयार नव्हते. या शोधामुळं सरांना लोकांनी डोक्यावर घेतलं. मानाचं पद आलं, देशोदेशीची व्याख्यानं आली. चिमणीनं तर आपला अख्खा प्रबंध त्यावर उभा केला. शोधनिबंधावर सरांचं नाव पहिलं, बाईंचं दुसरं होतं. दुर्बिणीवर यंत्र चढवणं, उतरवणं आणि लोकांना सांगणं सरांचं काम. फोटो स्वच्छ करून त्यातून आकडे काढणं बाईंचं. त्यांचा संसारही साधारण असाच वाटून घेतलेला होता. सर बोलायचे, बाई निस्तरायच्या.

तेव्हा एकट्या शंकासुरानं मान डोलावली नव्हती. तो सरांचा विद्यार्थी. उंच, पाठीत वाकलेला, आणि 'पण सर' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्यच सुरू होत नसे. त्याचं म्हणणं सोपं होतं. मसुरीचा मधला भाग एका रात्री मोजला आणि कडा दुसऱ्या रात्री. कडा अगदी फिकट, म्हणून तेव्हा मधल्या झगझगीत भागावर पट्टी लावून तो झाकलेला. म्हणजे दोन्ही एकत्र कधी मोजलेच नाहीत. "पण सर, एकदा पट्टी न लावता सगळी एकदम बघू या ना," तो भर सभेत म्हणाला.

सर व्यासपीठावरून म्हणाले, "तू एक काम कर. कुठंतरी दारावर रखवालदार म्हणून लाग. येणाऱ्या-जाणाऱ्यावर शंका घ्यायचा पगार तरी मिळेल."

सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेत बसलेल्या बाईही हसल्या. त्यानंतर शंकासुराला दुर्बिणीवर वेळच मिळेना. अर्ज केला की काही ना काही अडचण निघायची. वर्ष उलटायच्या आत तो निघून गेला आणि कुणी त्याचं नावही काढलं नाही.

चिमणीचा फोन ठेवल्यावर बाईंनी शेजारणीला सरांजवळ बसवलं आणि तडक संस्थेत गेल्या. त्या वेळचे सगळे मूळ फोटो साठवलेले होते. त्यांनी दोन्ही रात्रींचे फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी मांडले. काय शोधायचं हे त्यांना नेमकं ठाऊक नव्हतं, पण शोधायला फार वेळ लागला नाही. मसुरीच्या एका टोकाला अगदी चिकटून आपल्याच आकाशगंगेतला एक फिकट तारा होता. पहिल्या रात्रीच्या फोटोत त्याची बारीक रेघ डाव्या हाताला होती. दुसऱ्या रात्री ती उजव्या हाताला होती.

तारा जागचा हलत नसतो. हललं होतं ते यंत्र. त्या दोन रात्रींच्या मधल्या दिवशी त्याचं थंड करायचं भांडं गळायला लागलं, म्हणून सरांनी यंत्रच उतरवलं आणि संध्याकाळी परत चढवलं. एकट्यानं, नेहमीसारखं, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. चढवताना ते अर्धं वळण फिरून बसलं. डाव्याचं उजवं झालं. मसूर बापडी सरळच फिरत होती, फोटो उलटा आला होता.

आणि ती उजवीकडची रेघ? ती बाईंनी पाहिली होती. धुळीचा डाग समजून स्वतःच्या हातानं पुसली होती. डाग पुसणं हेच तर त्यांचं काम.

बाई पडद्यासमोर बसून राहिल्या आणि बसल्या-बसल्या त्यांना त्या दुसऱ्या रात्रीनंतरची पहाट आठवली. काम आटोपून दोघं दुर्बिणीच्या घुमटाबाहेर आली होती. सर दारात थबकले आणि म्हणाले, "अगं, आपली खोली कुठल्या बाजूला?" खोलीकडच्या त्या पायवाटेवर निम्मं आयुष्य गेलेला माणूस. बाई हसल्या होत्या. "जागरणानं भ्रमिष्ट झालात तुम्ही," म्हणाल्या होत्या, आणि हात धरून त्यांना खोलीवर घेऊन गेल्या होत्या.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पण तो तेव्हाच घरात शिरला होता. ज्या रात्रीनं त्यांना मोठं केलं, तिच्या आधी संध्याकाळी यंत्र चढवताना तो सरांच्या शेजारी उभा राहून पाना फिरवत होता. आता बाईंच्या मनाला नवाच चाळा लागला. त्या काळातलं काय सरांचं होतं आणि काय आजाराचं? सन्मान स्वीकारताना त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत बाईंचे आभार मानले होते, डोळ्यांत पाणी आणून. "ही नसती तर मी कुणीच नसतो," म्हणाले होते. आयुष्यभर असं कधी न बोललेला माणूस. बाईंनी ते वाक्य इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं. ते तरी सरांचं होतं का?

रविवारी लेक आली. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

"आई, थांब ना. बाबा आहेत तोवर थांब. त्यांचं एवढंच तर उरलंय."

"चिमणीचा निबंध तयार आहे."

"तिला सांग थांबायला. ती तुझा शब्द खाली पडू देणार नाही."

"नाही पडू देणार. म्हणून तर तिला सांगता येत नाही."

लेक उठून खिडकीशी गेली, परत आली. "बरं, निबंध मागे घेतल्याचं लिही. पण यंत्र कुणी चढवलं ते नको लिहूस."

"लिहीत नाहीये. दोघांची नावं आहेत, दोघांची चूक."

"आणि बाबांना काही बोलू नकोस. त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांचं नाव पहिलं आहे," बाई म्हणाल्या. "त्यांना न विचारता त्यांचं लिहिलेलं मी खोडू? आणि कळलं तर?"

"कळलं तर काय होईल, याचा विचार केलायस?" लेक म्हणाली. बाईंनी केला नव्हता.

सरांच्या काही सकाळी अजून चांगल्या जायच्या. अशीच एक सकाळ बघून बाईंनी विषय काढला. सर गॅलरीत बसले होते, हातात पेपर होता आणि तो सरळ धरलेला होता. बाईंनी चिमणीचा फोन सांगितला, त्या फिकट ताऱ्याचं सांगितलं. सरांनी पेपर खाली ठेवला. ते एकदम ताठ झाले.

"पहिल्या रात्री रेघ डावीकडं?"

"हो."

"फटीची दिशा तीच होती?"

"तीच."

"मग यंत्र अर्ध्या वळणानं फिरलेलं होतं. दुसरं काही असूच शकत नाही." ते झटक्यात म्हणाले, जसे पूर्वी फळ्यापुढं म्हणायचे. बाईंचा जीव क्षणभर हरखला. किती दिवसांनी हा माणूस दिसत होता! त्याला मध्येच थांबवून दुसरंच काही बोलावं, त्याला असाच बसवून ठेवावा, असं त्यांना वाटलं.

मग सर म्हणाले, "यंत्र मी चढवलं होतं."

"हो."

त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. पुन्हा मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे बदललेले होते.

"दुसरं नाव. सलत होतं ना तुला?"

"अहो, काय बोलताय?"

"फोटो तू साफ केलेस. तो तारा तुझ्या हाताखालून गेला. तेव्हा नाही दिसला तुला? आता माझ्या डोक्यात काही टिकत नाही हे बघून दिसला?"

"नाही हो, तसं नाही. मला धूळ वाटली..."

"इतकी वर्षं वाट बघितलीस," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "माझ्या घरात राहून वाट बघितलीस."

ते उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

जेवायच्या वेळेपर्यंत सगळं पुसलं गेलं. मसूर नाही, तारा नाही, काही नाही. सर शांतपणे जेवायला आले. पण बाईंनी ताट पुढं सरकवलं तसा त्यांनी हात आखडून घेतला. दुसऱ्या दिवशी बाई बटणं लावायला गेल्या, तर त्यांनी त्यांचा हात झिडकारला. "तू नको." कारण विचारलं तर ते त्यांना सांगता येईना. राग कशाचा हे साफ विसरले होते, राग मात्र जागच्या जागी होता. बाईंनी गोड बोलून पाहिलं, दटावून पाहिलं, रडूनही पाहिलं. शेवटी हात टेकले. लेकीनं एक नर्स ठेवून दिली. धिप्पाड, निळा एप्रन घालणारी, गाणी गुणगुणणारी. तिच्याकडून सर सगळं करून घेत. बाई दाराआडून बघत.

निबंध मागे घेण्याचं पत्रक लिहून झालं. पाठवायच्या आधी बाई शंकासुराला शोधत गेल्या. तो विम्याच्या कंपनीत होता. अपघात झालेल्या गाड्या तपासून दावा खरा की बनाव ते सांगायचं त्याचं काम. गावाबाहेरच्या आवारात चेपलेल्या गाड्यांच्या रांगेत तो ओणवा होऊन एका बंपरवरून बोट फिरवत होता. केस पांढरे झाले होते, पाठीचा बाक वाढला होता. बाईंना त्यानं लगेच ओळखलं.

बाईंनी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. आनंद नाही, आश्चर्य नाही.

"शंका घ्यायचा पगार मिळतो बघा," तो गाडीकडं हात करून म्हणाला. "सर अगदीच चुकले नव्हते."

"ही शंका पहिल्यांदा तू काढलीस, असं लिहायचंय मला. तुझं नाव घालून."

"नको."

"अरे, तुझा हक्क आहे तो."

"बाई, घरात कुणाला ठाऊकही नाही मी काय शिकत होतो ते. विसरायला फार कष्ट पडलेत मला. आता छापून कशाला आणता?" त्यानं रुमालानं बोटावरची काजळी पुसली. "सर बोलले ते मी कधीच सोडून दिलं. ते कुणालाही बोलायचे. तुम्ही हसलात ते नाही सोडता आलं. तुम्ही मला घरी जेवायला बोलवायचात."

"हसले होते मी," बाई म्हणाल्या. त्याला पुढची गाडी बघायची होती.

पत्रक छापून आलं. संस्थेत सगळे बाईंशी फार मऊ बोलायला लागले, आजारी माणसाशी बोलतात तसे. व्हरांड्यातला मसुरीचा मोठा फोटो रंगकामाच्या निमित्तानं उतरला तो परत चढला नाही. सगळ्यांत जास्त मार चिमणीला बसला. तिचा प्रबंध ज्या पायावर उभा होता तो पाया तिनंच उखडला होता. होणारी बढती लांबली, ती मग झालीच नाही. ती अजून फोन करायची, पण आता ती थोडंच बोलून थांबायची आणि 'हं' म्हणायची पाळी तिची असायची. लेक मात्र बरेच दिवस आली नाही. बाबांची चौकशी ती नर्सकडं करायची.

एका दुपारी दारात शंकासूर उभा. इस्त्रीचा शर्ट, जबडा आवळलेला. "सर आहेत?" एवढंच म्हणाला. बाईंना कळलं की हा भेटायला आलेला नाही. तरी त्यांनी वाट दिली.

सर गॅलरीत होते. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं म्हणाले, "या, बसा. आपण काय करता?"

शंकासूर गोंधळला. "मी... ठोकलेल्या गाड्या तपासतो."

"अस्सं? मग खरं-खोटं कसं ओळखता?"

तो बसला. आधी तुटक, मग सविस्तर सांगू लागला: ओरखडा कुठल्या दिशेनं गेलाय ते कसं बघायचं, रंग कुठं साचतो, आपणहून भिंतीवर घातलेली गाडी कशी वेगळी दिसते. सर पुढं झुकून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पण गाडी दोनदा ठोकली असेल तर? आधीचा ओरखडा आणि नंतरचा वेगळा कसा करणार?" शंकासूर चपापला. प्रश्न नेमका होता. तो विचार करून उत्तर देऊ लागला आणि सर "वा, वा," म्हणत राहिले. चहा निवून गेला. आतल्या खोलीत बाई पदराचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या.

निघताना तो दारात थांबला. त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"भांडायला आलो होतो, बाई. काय काय बोलायचं ते घोकून आलो होतो." त्यानं गॅलरीकडं पाहिलं. "ज्यांच्याशी भांडायचं होतं ते नाहीतच इथं. आणि हे जे बसलेत, त्यांनी आज जेवढं माझं ऐकून घेतलं, तेवढं सरांनी कधी ऐकलं नव्हतं."

बाई म्हणाल्या, "पुन्हा ये."

"नाही जमायचं," तो म्हणाला, आणि आला नाही.

थंडी सुरू झाली तसं सरांनी अंथरूण धरलं. बोलणं तुटत गेलं. नर्सशिवाय कुणी जवळ गेलं की अंगाला कापरं भरायचं. बाई खोलीत आल्या तर जास्तच. लेक आता रोज यायला लागली होती. ती आईशी बोलायची, पण कामापुरतं. एक दिवस नर्सच्या घरी कुणी वारलं आणि तिला तातडीनं जावं लागलं. बदली कुणी मिळेना. लेकीनं भरवून पाहिलं, सरांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. दुपार कलली तरी पोटात घोटभर पाणी नाही.

तेव्हा बाईंनी खुंटीवरचा निळा एप्रन घेतला आणि अंगात चढवला. तो त्यांना खूप मोठा होत होता. बाह्या दुमडल्या, केस वर बांधले, चष्मा काढून ठेवला. लेकीनं मागून नाड्या बांधून दिल्या.

सरांनी एप्रन पाहिला आणि तोंड उघडलं. बाई चमच्यानं पेज भरवू लागल्या. किती महिन्यांनी त्यांचा हात सरांच्या हनुवटीला लागत होता. सर हळूहळू गिळत होते. अर्धी वाटी संपल्यावर त्यांनी बाईंचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता.

"तू बरी आहेस," ते कसेबसे म्हणाले. "ती दुसरी आली तर... आत सोडू नकोस."

"कोण दुसरी?"

सरांनी भिंतीकडं पाहिलं. सांगायचा प्रयत्न केला, ओठ हलले, शब्द काही आला नाही. फक्त भीती आली, ती चेहऱ्यावर लख्ख दिसली.

दारात उभी असलेली लेक तोंड फिरवून आत निघून गेली.

"नाही सोडणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही खा." आणि त्यांनी पुढचा चमचा भरला.